पॅरिसच्या ब्रासरीत सकाळचा नाश्ता: टेरेसवर बसून की काउंटरला उभं राहून?

ब्रासरी म्हणजे दिवसभर खाणं-पिणं मिळणारं कॅफेवजा रेस्टॉरंट. पॅरिसमध्ये टेरेस म्हणजे आपली गच्ची नव्हे. फुटपाथवर, रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्या. पहिल्या खेपेला सगळे तिथेच बसतात, मीही बसलो. कोवळं ऊन, समोरून कामाला निघालेलं शहर, आणि एका ठरलेल्या दरात कॉफी, संत्र्याचा रस, लोणी-जॅम लावायला पाव किंवा क्रुआसाँ, म्हणजे लोण्याचा पदरी, चंद्रकोरी पाव. तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही. मागितल्याशिवाय बिलही येत नाही, त्यामुळे गाडी पकडायची असेल तर ते आधीच मागून ठेवा.

माझा बेत बदलला तो सिगारेटच्या धुरामुळे. २००८च्या जानेवारीपासून कॅफे-रेस्टॉरंटच्या आत ओढायला बंदी आली, तेव्हापासून ओढणारे टेरेसवर येऊन बसतात. त्यांचं काही चुकत नाही, ती जागा त्यांना मोकळीच आहे. पण टेबलं इतकी खेटून असतात की शेजाऱ्याचा धूर थेट आपल्या बशीवर. लागोपाठ तीन सकाळी जागा बदलून पाहिली, वाऱ्याची दिशा पाहून बसलो. गरम क्रुआसाँचा तो लोण्याचा वास, ज्याच्यासाठी लवकर उठायचं, तो एकदाही धड मिळाला नाही.

चौथ्या दिवशी गार द लेस्ट स्टेशनाजवळच्या एका ब्रासरीत आत शिरलो आणि काउंटरला टेकलो. याला तिथे ‘झँग’ म्हणतात, म्हणजे जस्त. जुन्या काउंटरांवरच्या पत्र्यामुळे पडलेलं नाव. कॉफीच्या यंत्राची वाफ, कपबश्यांचा खणखणाट, गाडीच्या वेळेवर डोळा ठेवून एका घोटात एक्सप्रेसो संपवणारी माणसं. समोरच्या टोपलीतून क्रुआसाँ आपणच उचलायचा आणि निघताना सांगायचा. अखेर तो वास मिळाला. शिवाय तीच कॉफी उभ्याने स्वस्त पडते. दोन्ही दर पाटीवर लिहिलेले असतात.

आईला घेऊन गेलो तेव्हा मात्र आतलं टेबल घेतलं. गुडघे दुखत असतील किंवा लहान मूल सोबत असेल तर तेच बरं. धुराचा त्रास होत नसेल तर टेरेसही तुम्हाला आवडेल, कदाचित माझ्यापेक्षा जास्त. एकटे किंवा दोघं असाल तर मात्र एक सकाळ तरी काउंटरला काढाच. आधी ‘बाँजूर’, म्हणजे नमस्कार, म्हणा, मग कॉफी सांगा. दुधाची हवी असेल तर ‘क्रेम’.