कॅमेरा एक, क्लिकची मोजणी दुसऱ्याची

सांगलीत जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घेऊ पाहणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्यांच्या घरातील कोणी फोटोग्राफीच्या पहिल्याच वर्गात नाव घातले आहे त्यांच्यासाठी, आमच्या बाबतीत झालेला एक व्यवहार सविस्तर लिहीत आहे. तक्रार अद्याप प्रलंबित असल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही. शिवाय ही युक्ती एकाच दुकानापुरती असेल असेही मला वाटत नाही.

माझ्या भाचीला विश्रामबागेतील एका प्राथमिक वर्गासाठी कॅमेरा हवा होता. शटरचा (फोटो काढताना उघडणाऱ्या झडपेचा) वेग, अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र) आणि आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील असावा ते) स्वतः ठरवता यावेत आणि लेन्स बदलता यावी, एवढीच वर्गाची अट होती. फी भरल्यानंतर २८,००० रुपये हाताशी उरले होते. तेवढ्यात मनासारखा नवा कॅमेरा बसत नसल्याने वर्गातील सरांनी जुना निकॉन डी३५०० किंवा कॅनन १५००डी पाहण्यास सांगितले. दोन्ही २०१८ सालची, २४ मेगापिक्सेलची मॉडेल्स आहेत, शिकणाऱ्याला पुरून उरतात, आणि हा सल्ला मला आजही योग्यच वाटतो.

दुकानात दाखवलेला डी३५०० दिसायला नवाकोरा होता. पकडीचे रबर घट्ट, पडद्यावर ओरखडा नाही, सोबत १८-५५ची किट लेन्स, तिच्या जोडीला ५० एमएम एफ/१.८ची एक लेन्स, आणि मोफत मिळाले ते ३२ जीबीचे कार्ड. जुन्या कॅमेऱ्यात शटर किती वेळा उघडले आहे हे पाहावे, एवढे आम्ही ऐकून होतो. तसे विचारताच दुकानदाराने आमच्यासमोर काउंटरचा एक फोटो काढला, कार्ड संगणकाला जोडले, काउंटरचाच फोटो उघडला आणि त्याखालचा आकडा दाखवला: ३,४१२. "काका, हे मी नाही सांगत, कॉम्प्युटर सांगतोय," असे तो म्हणाला. निकॉनचे कॅमेरे प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये ही मोजणी नोंदवतात, ही गोष्ट खरी आहे, आणि तिच्यावरच हा सगळा डाव उभा होता.

५० एमएमच्या लेन्सचीही अशीच परीक्षा झाली. आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी उतरली आहे असे सांगून त्याने ती लेन्स शेजारच्या डी७२०० वर चढवली, आणि ती घर्र आवाज करीत झटक्यात फोकस झाली.

वर्गाचा पहिला मोठा सराव मिरजेत, तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या गल्लीत होता. आत उजेड कमी आणि कारागिरांचे हात सतत चालू, त्यामुळे मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स तिथे कामी येईल म्हणून भाचीने ५० एमएम लावली, तर आधी पडद्यावर एफईई ही चूक दाखवणारी अक्षरे आली. लेन्सवरील अ‍ॅपर्चरची कडी २२ या आकड्यावर नेऊन अडकवल्यावर ती गेली, पण फोकस काही केल्या आपोआप होईना. सरांनी लेन्स हातात घेऊन तिच्यावरचे डी हे अक्षर दाखवले. या जातीच्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. तिचा फोकस कॅमेऱ्यातील मोटर फिरवते. डी७२०० मध्ये ती मोटर आहे, डी३५०० मध्ये नाही. लेन्स बिघडलेली नव्हती, हाताने फोकस करून तिच्याने उत्तम फोटो निघतात. पण ती या कॅमेऱ्यावर कधीच आपोआप फोकस होणार नव्हती, आणि विकणाऱ्याला हे माहीत असल्याखेरीज बॅटरीचे निमित्त त्याला सुचले नसते.

संशय आल्यावर सरांनी एक्झिफटूल या मोफत प्रोग्राममध्ये भाचीने काढलेला ताजा फोटो उघडला. शटरची मोजणी ९१,००० च्या पुढे होती. कार्डावर दुकानातल्या काउंटरचे फोटो मात्र एकाऐवजी दोन निघाले. एक आम्ही तिथे असतानाच्या संध्याकाळचा, ९१ हजारांच्या घरातला, आणि दुसरा त्याच दिवशी सकाळचा, ३,४१२ वाला. दोन्ही फाइलींत कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही नोंदलेला होता आणि तो वेगवेगळा होता. आमच्या कॅमेऱ्याच्या तळाशी छापलेला क्रमांक संध्याकाळच्या फोटोशी जुळला. म्हणजे सकाळीच दुसऱ्या, कमी वापरलेल्या डी३५०० ने काउंटरचा फोटो काढून ठेवला होता आणि आम्हाला तो दाखवला गेला. मोफत दिलेले कार्ड पुसून द्यायचे तेवढे राहून गेले!

९१ हजार हा आकडा पाहून कॅमेरा टाकाऊ ठरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. या मॉडेलचे शटर एक लाख वेळा चालवून तपासलेले असते. कित्येक शटर त्यापुढेही चालतात, काही आधीच जातात. आकडा खरा सांगून किंमत त्या मानाने कमी लावली असती, तर विद्यार्थ्याने तोही कॅमेरा घ्यायला हरकत नव्हती. पण तीन हजार क्लिक झालेल्या कॅमेऱ्याची किंमत घेऊन आयुष्य सरत आलेला कॅमेरा देणे, ही साधी लबाडी आहे.

म्हणून दुकानात जाताना आपले रिकामे कार्ड आणि शक्य असल्यास लॅपटॉप न्यावा, फोटो आपल्या हाताने काढावा, आणि मोजणी वाचताना त्याच फाइलमधील वेळ व अनुक्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. विक्रेता गावाबाहेरचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो निरुपयोगी असतो, कारण त्यातून ही सगळी माहिती गळून जाते. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी. कॅननच्या १३००डी, १५००डी या मॉडेल्सच्या फोटोंमध्ये ही मोजणी नोंदलेलीच नसते, त्यामुळे साध्या फोटोवरून कोणी त्यांचे क्लिक मोजून दाखवू लागला तर तिथेच थांबावे. निकॉनच्या डी३५०० सारख्या लहान मॉडेलसाठी लेन्स घेताना एएफ-एस किंवा एएफ-पी ही अक्षरे पाहावीत, कारण या लेन्समध्ये स्वतःची मोटर असते. घरातल्या वा दुकानातल्या कमी उजेडासाठी ३५ एमएम एफ/१.८ची एएफ-एस लेन्स मिळाली तर अधिक बरे, कारण या कॅमेऱ्यावर ५० एमएमने अरुंद खोलीत दृश्य फार जवळचे येते. लेन्स ज्या कॅमेऱ्यावर वापरायची त्याच कॅमेऱ्यावर चालवून पाहावी. बॅटरी उतरली असेल तर ती चार्ज होईपर्यंत बसून राहावे.

पावतीचे मात्र विशेष सांगायला हवे. आम्हाला मिळालेल्या कागदावर "जुना कॅमेरा, लेन्ससह" एवढेच लिहिले होते. आम्ही परत गेलो तेव्हा "हा आमच्याकडचा कॅमेराच नाही" असे उत्तर देणे त्याला त्यामुळेच सोपे गेले. बॉडी आणि दोन्ही लेन्स यांचे अनुक्रमांक, दुकानाचा जीएसटी क्रमांक आणि सांगितलेली शटरची मोजणी पावतीवर लिहून घेतली असती, तर हे बोलणेच झाले नसते.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दुकानाला लेखी नोटीस दिली. त्यानंतर ५० एमएमची लेन्स परत घेऊन तिचे पैसे मिळाले. कॅमेऱ्याबद्दल मात्र दुकानदार ढिम्म आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी शुल्क नाही, म्हणून ती सांगलीच्या आयोगाकडे दाखल केली आहे. काउंटरच्या दोन्ही फोटोंची छापील माहिती आणि कॅमेऱ्याच्या तळाचा फोटो तक्रारीला जोडला आहे. मूळ कार्ड एका पाकिटात बंद करून ठेवले आहे, आणि भाची वर्गासाठी दुसरे कार्ड वापरते.