अकरावी सायन्स: गणित, बायो, की दोन्ही?

अकरावी सायन्सला सहाशे गुण. त्यातले तीनशे इंग्रजी, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे, ते ठरलेलेच. डोकं लावायचं ते उरलेल्या तीनशेवर. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात साधारण तीन जोड्या दिसतात: मराठी, गणित, बायो; गणितासोबत 200 गुणांचं बायफोकल, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा क्रॉप सायन्स; आणि गणिताऐवजी भूगोल घेऊन मराठी व बायो.

कोणतं दार बंद होतं ते आधी पाहा. गणित सोडलं की इंजिनिअरिंग गेलं, एनडीएतून हवाई दल आणि नौदलही गेलं. बायो सोडलं की एमबीबीएस, आयुर्वेदाचं बीएएमएस, बीएस्सी नर्सिंग आणि नागपूरचं व्हेटर्नरी गेलं. ‘शेतकीला जायचं तर बायोच घे’ असं गावोगाव सांगतात, ते चूक आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या बीएस्सी ॲग्रीसाठी सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) किंवा पीसीबी (गणिताऐवजी बायो), कोणताही ग्रुप चालतो. बी. फार्मचंही तसंच. म्हणजे फक्त शेतकी किंवा फार्मसी मनात असेल तर ज्यात हात बसतो तो विषय घ्या.

सीईटी दोन्ही ग्रुपची 200 गुणांची आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पण हिशेब वेगळा. गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण; बायोचे 100 प्रश्न, प्रत्येकी 1. गणितात एक प्रश्न हुकला तर बायोतले दोन हुकल्यासारखं. शिवाय फिजिक्स, केमिस्ट्री, बायोचा पेपर मराठीतून देता येतो, गणिताचा फक्त इंग्रजीतून. मेडिकलच्या नीट परीक्षेत 180 पैकी 90 प्रश्न बायोचे, बरोबरला 4, चुकीला वजा 1. तिथे अंदाजाने ठोकत गेलात तर मिळवलेलंही जातं.

आणि गणित सोडलं म्हणजे गणित सुटलं, असं नाही. फिजिक्समध्ये सदिश येतात, कॅल्क्युलस येतं, बारावीत रोटेशनल डायनॅमिक्स आणि दोलनं येतात. पीसीबीची पोरं नीटला बायोत अडत नाहीत, फिजिक्सच्या 45 प्रश्नांवर अडतात. भूगोल घेणाऱ्यांनी तरी कॅल्क्युलसमधलं डेरिव्हेटिव्ह आणि साधं इंटिग्रेशन वेगळं करून घ्यावं, दिवाळीच्या आत.

बायफोकलचे गुण 200, लेखी 100 आणि प्रॅक्टिकल 100. त्यामुळे बोर्डाची टक्केवारी छान दिसते. घरचे तेवढ्यावर भुलतात. सीईटीत मात्र त्यातलं काही विचारत नाहीत, आणि इंजिनिअरिंगला बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते: खुल्या गटाला ठरलेल्या विषयांत 45 टक्के. फायदा आहे तो वेळेचा. बायोची जर्नलं आणि मराठीचा अभ्यास वाचतो.

गणित, बायो दोन्ही घ्यावं का? मन खरंच ठरलं नसेल, आणि कॉलेजात चारही विषय शिकवले जात असतील, तर घ्या. सकाळी सातची एसटी धरून संध्याकाळी सहाला परतणाऱ्या, वर कापूस वेचणीला रानात जाणाऱ्या मुलामुलींनी दोन ग्रुपचा हट्ट धरू नये. दोन्ही अर्धवट राहतात.

म्हणून फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन या. गणिताचे सर कायम आहेत की तासिकेवरचे? तासिकेवरचे सर उशिरा रुजू झाले तर पहिले दोन-तीन धडे बुडतात. मायक्रोस्कोपमधून कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी दिसतात का, हेही विचारा. आणि केमिस्ट्रीची लॅब उघडायला लावा. ब्युरेटची, म्हणजे द्रावण थेंबथेंब मोजून सोडायच्या नळीची, तोटी गळत असेल, तर परमँगनेटचं टायट्रेशन पोरं आकडे पाहून लिहितात, करत नाहीत. करायचं तर ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण 60 ते 70 अंशांपर्यंत तापवावं लागतं. थंड असताना परमँगनेटचा पहिला थेंब जांभळाच राहतो, पोरगं घाबरून भराभर सोडतं आणि द्रावण तपकिरी होतं. हे एकदा हाताने बिघडवलेलं असलं की परीक्षेत बिघडत नाही.

ऑनलाइन फॉर्ममध्ये दहापर्यंत पसंतीची कॉलेजं टाकता येतात. पहिल्या क्रमांकावर विचार करूनच टाका. ते मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं.