दयेची वही: आठ महिने वापरल्यानंतर

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, ही वही लिहायला सुरुवात केली, आता ऑक्टोबर लागला. आधी इंग्रजी छापील जर्नल घेतलं होतं. रोज एक ठरावीक प्रश्न आणि खाली तीन ओळी. दोन आठवड्यांत सोडून दिलं, कारण उत्तरं खरी होण्याऐवजी छान व्हायला लागली. मग म्हापशाच्या बाजारातून दोनशे पानी पुठ्ठ्याची साधी वही आणली आणि मराठीत लिहायला बसले. माहेर सावंतवाडीचं, प्रार्थना मराठीत शिकलेल्या, इथे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कोंकणीत. देवाशी मराठीत बोलायला थोडा संकोच वाटायचा. मग आठवलं, फादर स्टीफन्सनी याच गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि ती 1616 मध्ये राशोलला छापली गेली. संकोच तिथेच संपला.

पहिले पंधरा दिवस मी चुकीचं लिहिलं. दिवसभरात केलेलं चांगलं काम लिहायचं, असं ठरवलं होतं. एका रविवारी मागची पानं वाचली, तर प्रत्येक ओळ ‘मी’ने सुरू होत होती. मी शेजारच्या आजींची औषधं आणली. मी बसमध्ये जागा दिली. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, आणि मी तर दोन्ही हातांनी हिशेब मांडत होते. फार लाज वाटली. फादरना सांगितलं. ते म्हणाले, जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या संत इग्नेशियसने शिकवलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरी पापांची नाही, आभारांची आहे. तिथून सुरू कर.

तेव्हापासून डावं पान मला मिळालेल्या दयेचं, उजवं माझ्या हातून राहून गेलेल्याचं. मी केलेलं काहीच लिहीत नाही. वहीचा खरा उपयोग इथून सुरू झाला.

मे महिन्यातल्या एका रात्री डावं पान कोरंच राहिलं. काही सुचेना, म्हणून सकाळपासूनचा दिवस एकेक तास आठवत गेले. उठले तेव्हा पिंप भरलेलं होतं. कोणी भरलं? लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना विचारलं, “मम्मी, तुम्ही रोज किती वाजता उठता?” त्या म्हणाल्या, “उदक पाचांक येता, कोणें तरी उठपाक जायच.” बस, एवढंच. त्या रात्री डाव्या पानावर मला जागा पुरली नाही.

दुसरी नोंद जुलैतली. शुक्रवारच्या बाजारात भाजीवालीशी दहा रुपयांसाठी घासाघीस केली. भाजी पिशवीत टाकल्यावर तिने पदराच्या गाठीतून दोनशेची नोट काढून हातात ठेवली. मागच्या शुक्रवारी माझ्याकडून जास्त गेली होती म्हणे. आठवडाभर तिने ती वेगळी बांधून ठेवली होती. हा एकच प्रसंग दोन्ही पानांवर गेला. आता तिच्याशी मी भाव करत नाही. तिचं नाव विचारून घेतलंय, मुलांची चौकशीही करते.

उजव्या पानाबद्दल मात्र सावध करते. इग्नेशियसने एखादा दोष घालवण्यासाठी एक रीत सांगितली आहे: दिवसाला दोन ओळी आखायच्या, दुपारी एकदा आणि रात्री एकदा, आणि जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके द्यायचे. मी उत्साहाने सगळ्याच दोषांचे ठिपके द्यायला लागले. महिनाभरात वही उघडायची भीती वाटू लागली. ती रीत एका वेळी एकाच दोषासाठी आहे, हे मी नीट वाचलंच नव्हतं. मग फक्त मुलावर ओरडण्याचे ठिपके ठेवले. कमी झालेत, थांबलेले नाहीत. मन फार खचलेलं असेल, तर मी म्हणेन, उजवं पान काही दिवस कोरं सोडा आणि डावं तेवढं लिहा.

वहीविषयी थोडं. गोव्याच्या पावसात जेल पेन वापरू नका, शाई पसरते. माझी जूनची चार पानं वाचता येत नाहीत. बॉलपेन टिकतं. कपाटात ठेवलेल्या वहीच्या पुठ्ठ्याला बुरशी आली, तेव्हापासून ती स्टीलच्या डब्यात असते. वेळ म्हणाल तर रात्री तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाल्यावर दहा मिनिटं. सकाळी लिहून पाहिलं, जमलं नाही. आदला दिवस तोवर पुसट झालेला असतो.

नवऱ्याने वाचायला मागितली होती, दिली नाही. डावं पान मात्र अधूनमधून मोठ्याने वाचते, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्यासमोर. सासूबाईंना पिंपाची नोंद वाचून दाखवली, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि चहा ठेवला.

वहीची अकरा पानं उरली आहेत. पुढची आणून ठेवलीय, यंदा जाड कागदाची. पाण्याच्या वेळी आता आठवड्यातून तीन दिवस मी उठते. ते कुठल्याच पानावर नाही.