बेसबॉलमधला वॉर हा आकडा वापरून अख्खा सिझन झाला, साडूशी भांडायला कितपत कामाला आलं ते सांगतो

आधी थोडी पार्श्वभूमी. मी सिॲटलजवळ बेलव्ह्यूला, साडू न्यू जर्सीत एडिसनला. तो न्यूयॉर्क यांकीजचा, मी सिॲटल मरिनर्सचा, आणि बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुप सोडायची सोय नाही. ऑगस्ट संपत आला की दरवर्षी एकच विषय, एमव्हीपी, म्हणजे सिझनचा सर्वात मोलाचा खेळाडू, कोण. २०२४ ला मी कॅन्सस सिटीच्या बॉबी विटसाठी भांडत होतो आणि सपशेल आपटलो, कारण माझ्याकडे "अरे पण बघ ना कसा पळतो" एवढंच होतं आणि त्याच्याकडे यांकीजच्या ॲरन जजचे ५८ होम रन. मग २०२५ चा सिझन चालू झाला तेव्हाच ठरवलं की यावेळी वॉर नीट शिकायचं, रोज बघायचं आणि सप्टेंबरात याला गप्प करायचं. तर हा त्या आकड्याचा अनुभव, स्कोअर बघायच्या ॲपचा नाही. ॲपबद्दल एवढंच की होम रनचं नोटिफिकेशन आधी वाजतं आणि स्ट्रीमवर बॉल अजून पिचरच्या हातात असतो, त्यामुळे जूनमध्येच नोटिफिकेशन बंद करून टाकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वॉर म्हणजे विन्स अबव्ह रिप्लेसमेंट. हा खेळाडू नसता आणि त्याच्या जागी मायनर लीगमधून जवळपास फुकटात मिळणारा कोणीतरी गडी आणून उभा केला असता तर टीम किती मॅचेस कमी जिंकली असती, तो आकडा. बॅटिंग, पळणं, फील्डिंग सगळं रन्समध्ये मोजतात आणि साधारण दहा रन्सला एक विन असा भाव लावतात. शिवाय जागेप्रमाणे वाटा वेगळा, म्हणजे फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या साइटच्या हिशोबात सिझनभर कॅचर असेल त्याला साडेबारा रन्स वरचे आणि नुसता बॅटिंगला येणारा डीएच असेल त्याचे साडेसतरा कापतात. मला हे लगेच पटलं. कीपरने ठोकलेली सेंच्युरी आणि दिवसभर फाइन लेगला उभ्या राहणाऱ्याची सेंच्युरी आपण तरी कुठे एका तराजूत टाकतो.

आणि माझ्याकडे यंदा कीपरच होता ना! मरिनर्सचा कॅल रॅली. कॅचर, डावी-उजवी दोन्हीकडून बॅटिंग, जुलैत अटलांटाला होम रन डर्बी जिंकला तेव्हा बॉल टाकायला त्याचा बाप आणि मागे कॅचर म्हणून धाकटा भाऊ. २४ ऑगस्टला त्याने ४८ वा आणि ४९ वा मारला, कॅचरचा जुना रेकॉर्ड साल्व्हाडोर पेरेझचा ४८ चा होता २०२१ चा, तो गेला. मग मिकी मँटलचा, असं दोन्हीकडून खेळणाऱ्यांमधला १९६१ पासूनचा ५४ चा, तोही गेला. ग्रुपवर माझी फुल दिवाळी चालू. तिकडे जजचं कोपर जुलैच्या शेवटी दुखावलं, दहाएक दिवस बाहेर, परत आला तर थ्रो करता येईना म्हणून डीएच, आणि त्याला डीएचला बसवायचं म्हणून जियानकार्लो स्टँटनला, ज्याला पळताना बघून आपलेच गुडघे दुखतात, त्याला आउटफिल्डला पाठवलं. मी म्हटलं झालं, आता वॉरमध्ये हा खाली येणार. दोनतीन दिवस थांबलो, रोज रिफ्रेश. काही फरक नाही हो. थोडासा कापला असेल पण बॅटिंगच असली राक्षसी की कळतच नव्हतं. शेवटी ०.३३१ ॲव्हरेज (म्हणजे शंभरात तेहेतीसएक वेळा हिट), ५३ होम रन, ओपीएस (बेसवर पोचणं अधिक फटक्यांचा जोर) १.१४४. रॅलीचं ॲव्हरेज ०.२४७. हे वाक्य साडूने सप्टेंबरात कमीत कमी वीस वेळा पाठवलं, स्टिकर बनवून सुद्धा.

आता तक्रार नंबर एक. मला वाटायचं वॉर हा एक आकडा आहे. नाहीये. दुकानं दोन आणि भाव पण दोन. सिझन संपला तेव्हा फॅनग्राफ्सवर जज दहाच्या जरा वर, रॅली नऊच्या जरा वर, म्हणजे साधारण एक विनचा फरक. बेसबॉल रेफरन्स या दुसऱ्या साइटवर गेलात तर जज तिथेही दहाच्या जवळपास, आणि रॅली मात्र दणकन खाली, साडेसातच्या आसपास. दीड विन गेले कुठे? हे शोधण्यात माझा एक शनिवार गेला. मुख्य भानगड फ्रेमिंगची. कडेला आलेला बॉल कॅचर अशा सफाईने पकडतो की अंपायरला तो स्ट्राइकच वाटतो, ही जी हातचलाखी आहे ती फॅनग्राफ्स २०१९ पासून धरतं, बेसबॉल रेफरन्स धरत नाही. त्यामुळे साडू एक लिंक पाठवायचा, मी दुसरी पाठवायचो, दोघंही खरं बोलतोय, आणि भांडण होतं तिथेच.

आणि एक विनच्या फरकावर कोण भारी ते ठरवूच नका, फील्डिंगचे आकडे एवढे बारीक नसतात हे ते बनवणारेच सांगतात. हे मला कळलं मे महिन्यात, मान्य केलं ऑक्टोबरात.

तक्रार नंबर दोन, आणि सिझनच्या शेवटी भांडणारांसाठी हीच महत्त्वाची. वॉरला कॅलेंडर कळत नाही. एप्रिलमध्ये ०-१० ने हरत असताना मारलेला सोलो होम रन आणि सप्टेंबरात नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगला मॅच बरोबरीत असताना मारलेला, दोन्ही याच्या लेखी सारखेच. म्हणून मग मी डब्ल्यूपीए जोडीला घेतलं, विन प्रोबॅबिलिटी ॲडेड. त्यात मैदानात घडलेल्या प्रत्येक घटनेच्या आधी आणि नंतर जिंकायची शक्यता किती ते बघतात. घरच्या टीमची नववी इनिंग, बरोबरी, पहिलाच बॅटर: जिंकायची शक्यता साधारण ६३ टक्के, त्याने होम रन मारला की १०० आणि मधले ३७ टक्के त्याच्या खात्यात. वापरायला जाम मजा येते, मॅचचा ग्राफ बघितला की गोष्ट वाचल्यासारखं वाटतं. पण मोठी गोची ही की आपल्या आधी बेसवर कोण उभं आहे यावर सगळं अवलंबून, आणि कॅचिंगचे यात शून्य मार्क. म्हणजे ज्या मुद्द्यावर मी जिंकणार तोच गायब.

सिझनच्या शेवटाला जास्त वजन द्यावं हे माझं मत एप्रिलमध्ये अगदी पक्कं होतं. उदाहरणं पण पाठ. १९६७, यास्ट्रेम्स्की, शेवटच्या दोन मॅचेसमध्ये आठपैकी सात हिट, आणि बोस्टन फक्त एका विनने पहिलं. २००८, मॅनी रामिरेझ ३१ जुलैला डॉजर्सकडे आला, ५३ मॅचेस, ०.३९६, १७ होम रन, टीमने डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकलं आणि दोनच महिने खेळून एमव्हीपीच्या मतदानात चौथा. आमच्याकडे यंदा जॉश नेलर आला जुलैअखेर, अंगाने हा असा, आणि सिझनमध्ये बेस चोरले (पिचरला चकवून पुढच्या बेसला पळणं) ३०. असल्या माणसांचं शेवटच्या दोन महिन्यांतलं मोल वॉरमध्ये दिसतच नाही, कारण तो साठवत जायचा आकडा आहे, उशिरा आलेल्याचा गल्ला लहानच राहणार.

पण मग यांकीजचंच बघा ना. यांकीज आणि टोरांटो, दोघांनीही ९४ जिंकल्या, ६८ हरल्या. सेम टू सेम. डिव्हिजन मिळालं टोरांटोला, का, तर आपसातल्या १३ पैकी ८ मॅचेस त्यांच्या. आणि त्यातल्या चार कधीच्या, तर जूनअखेर ते ३ जुलै, टोरांटोत ओळीने चार हरले होते यांकीज. तेव्हा कोणी टायब्रेकर म्हणून बघत होतं का? मी तर त्या आठवड्यात बार्बेक्यूची तयारी करत होतो. हे साडूला टोमणा म्हणून पाठवलं आणि पाठवल्यावर लक्षात आलं की माझाच मुद्दा मी मारला, सप्टेंबर जड आणि जुलै हलका असं काही नसतंच. त्याच्या लक्षात नाही आलं, मीही बोललो नाही.

तरी एक गोष्ट मी सोडायला तयार नाही. एका मॅचमध्ये टीमचे पिचर दीडशेच्या आसपास बॉल टाकतात. कॅचर तेवढ्या वेळा खाली बसतो, उठतो. शाळेत मास्तर द्यायचे त्या दीडशे उठाबशा, वर मास्क, चेस्ट गार्ड, मांडीवर फाउल बॉल, आणि हे मार्चपासून. २४ सप्टेंबरला आम्ही स्टेडियममध्ये होतो, समोर कोलोरॅडो. पहिल्याच इनिंगला रॅलीचा ५९ वा. मधल्या काळात माझा मुलगा भाजलेले नाकतोडे खायचे म्हणून हटून बसला (इथे खरंच मिळतात, तिखटमीठ लावून, बायको त्या काउंटरच्या बाजूलाही फिरकत नाही) आणि मी लाइनमध्ये. आठव्या इनिंगला मात्र जागेवर होतो. बॉल गेला, ६० वा, आणि पूर्ण स्टेडियम एमव्हीपी एमव्हीपी ओरडतंय. अख्ख्या इतिहासात एका सिझनमध्ये ६० गाठणारा तो सातवा माणूस. त्याच रात्री २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन जिंकलं. सहा महिने उठाबशा काढलेल्या मांड्यांनी तो मारलाय, याचा कॉलम कुठल्याच साइटवर नाही. एडिसनला तेव्हा मध्यरात्र झालेली, साडू झोपलेला. आमच्या मॅचेस पावणेसातला चालू होतात तेव्हा तिकडे पावणेदहा, मत देणारे पूर्वेकडचे पत्रकार पण असेच झोपत असतील असं मी सकाळी ग्रुपवर लिहिलं, ते जरा जास्त झालं. लीगमधल्या प्रत्येक शहरातून दोन जण मत देतात, तसं नसतं ते.

ऑक्टोबरचं बोलत नाही. टोरांटोत प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, सातवी आणि निर्णायक मॅच, रॅलीने होम रन मारलाय, सातव्या इनिंगपर्यंत आम्ही पुढे आणि टोरांटोच्या स्प्रिंगरने तीन रन्सचा मारला. ४-३ ने हरलो. त्या दिवशी नरक चतुर्दशी होती, यावर मी काही वेगळं लिहायची गरज नाही. मतं तशीही प्लेऑफच्या आधीच देऊन झालेली असतात.

नोव्हेंबरात निकाल लागला, पहिल्या नंबरची मतं जजला १७, रॅलीला १३. पॉइंट्स ३५५ आणि ३३५. पहिल्याला १४, दुसऱ्याला ९ असा हिशोब असतो, म्हणजे दोनच जणांनी उलटं लिहिलं असतं तर ३४५-३४५. दोन जण! मी हे पेपर नॅपकिनवर मांडून बायकोला दाखवलं, ती म्हणाली पैज काय लागली होती ते सांग आधी.

पैज चकल्यांची. हरलो मी म्हणून तळायच्याही मीच. दिवाळी होऊन तीन आठवडे झालेले, भाजणीचा उरलेला डबा काढला, सोऱ्याने तीन तास घालवले, बबल रॅप करून कुरिअरने पाठवल्या. चार दिवसांनी ग्रुपवर फोटो आला, निम्म्या मोडलेल्या. खाली साडूने लिहिलंय: दादा, चव ठीक, पण या रिप्लेसमेंट लेव्हलच्या आहेत.