45 पौंडांची हौस, आठ महिन्यांनंतर

दिवाळीचा बोनस जमा झाला त्या रात्रीच मी धनुष्य मागवलं. 62 इंची टेकडाऊन रिकर्व्ह (सुटं होणारं, टोकं पुढं वळलेलं), लाकडी रायझर (मधला मुठीचा भाग), ओढायला 45 पौंड, सोबत डझनभर कार्बन बाण. सगळं मिळून साडेअठरा हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच घडणीची धनुष्यं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि मी लिहितोय ते बहुतेकांना लागू पडेल.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटी बघतो. दिवसभर रिजेक्शन, कस्टमरचे फोन, वर ऑडिट. आठवड्याला दोन सकाळी आणि सुट्टीचा एक तास, एवढाच वेळ माझ्याकडे आहे, हे आधीच सांगतो. रोज तीन तास सराव करणाऱ्यांनी हा रिव्ह्यू वाचू नये.

कोल्हापुरात नेमबाजी म्हटलं की लोकांना रायफलच आठवते. 2024 ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून तर जास्तच. धनुष्य म्हटलं की बोट साताऱ्याकडे. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये जगज्जेती झाली तेव्हा 17 वर्षांची होती, त्याच स्पर्धेत ओजस देवतळेही जिंकला. पण ते दोघं कंपाउंडवाले. त्या धनुष्याला टोकांना कॅम (चाकं) असतात, पूर्ण ओढलं की हातावरचा बराचसा भार उतरतो. माझ्या धनुष्यात काही उतरत नाही. जितकं ओढाल तितकं ते जड होत जातं आणि तुमची वाट बघत बसतं.

खोका उघडला तर वरच हरणाचं चित्र आणि ठळक अक्षरात ‘हंटिंग बो’. बाणांबरोबर तीन ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीची धारदार टोकं, फुकट. माझा मेव्हणा मिशिगनला असतो, तिथं लोक लायसन्स काढून, सीझन बघून धनुष्यानं हरणाची शिकार करतात. तोही जातो. तो म्हणतो, साध्या धनुष्यानं पंधरा-वीस यार्डांच्या पलीकडं बाण सोडायचाच नाही, जनावर जखमी होऊन पळतं. त्याचं त्याच्यापाशी. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच धरला जातो, तेव्हा ‘हंटिंग’ हा शब्द इथं खोक्यापुरताच. ब्रॉडहेड मी कपाटात वर टाकलेत. ते सरावाला लावले तर टार्गेटच्या चिंध्या होतात, आणि लावायचं दुसरं कारण नाही.

हे बजावून सांगायचं कारण म्हणजे पन्हाळा रोडला मामाचं गुऱ्हाळ आहे, मी तिथं जातो, आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या वस्तीवरचा गडी म्हणाला, “रानडुकरं ऊस खात्यात साहेब, एक घ्या की तेवढं.” त्याचं नुकसान खरं आहे, पण मी बाण आवरून ठेवले. मग मामानंच त्याला सांगितलं, “त्याला समोरची निशाणाची पिशवी लागंना, डुक्कर काय लागतंय?”

खरंच लागत नव्हतं. कारणं दोन, एक माझं आणि एक बाणांचं.

माझं आधी. 45 पौंड म्हणजे 20 किलो 400 ग्रॅम, तेही 28 इंच ओढल्यावर. मी 27 च ओढतो. गुऱ्हाळावरचा लटकता काटा दोरीला अडकवून मोजलं तर 19.3 किलो आले. म्हणजे आकडा खोटा नव्हता, मीच खोटा होतो. फौंड्रीत वीस किलोचं कास्टिंग एका हातानं उचलतो म्हणून वीस किलो सोपे वाटले होते. उचलणं वेगळं आणि तीन बोटांवर ओढून, श्वास धरून, हलू न देता थांबणं वेगळं. तिसऱ्या आठवड्यात उजवा खांदा गेला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, “नवीन काय सुरू केलंय?” मी म्हटलं, “धनुष्य.” त्यांनी वर बघितलंच नाही, “महिनाभर बंद” एवढं लिहिलं.

त्या महिन्यात एका मैदानावर सरावाला आलेली आठवीतली पोरगी बघितली. बांबूचं धनुष्य, इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकारातलं. ती ओढायची, थांबायची, सोडायची, चेहऱ्यावर रेष हलत नव्हती. मी घरी येऊन 30 पौंडांची पाती (धनुष्याचे वरखालचे वाकणारे हात) मागवली.

टेकडाऊनचा हाच मोठा फायदा. दोन बोल्ट सोडले की पाती निघतात, रायझर तोच. तिरंदाज पात्यांना ‘लिंब’ म्हणतात. मामाला सांगितलं की नवे लिंब मागवलेत, तर तो म्हणाला, “बांधावर झाड असताना इकत कशाला?”

आता बाण. बाणाचा कडकपणा ‘स्पाईन’मध्ये मोजतात. 28 इंच अंतरावर दोन टेकू, मध्ये 880 ग्रॅम वजन टांगायचं, बाण किती वाकतो ते इंचाच्या हजाराव्या भागात बघायचं. 500 स्पाईन म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. माझ्या बाणांवर 500 छापलंय. मी क्वालिटीचा माणूस, छापलेल्यावर विश्वास ठेवायचा पगार मला मिळत नाही. रिजेक्ट झालेला एक ब्रॅकेट ग्राइंडरवर घासून घासून बरोबर 880 ग्रॅमला आणला, सरफेस प्लेटवर दोन व्ही-ब्लॉक ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीत हाईट गेजनं बारा बाण मोजले. सगळ्यात कडक 12.9, सगळ्यात मऊ 14.6. एका डझनात एवढा फरक! आमच्या कस्टमरनं लॉट परत पाठवला असता. विकणाऱ्याला आकडे कळवले तर उत्तर आलं, ‘सर, थोडाफार फरक चालतो.’ सातच बाण एका गटात बसले, बाकीच्या पाचांना लाल टेप लावली. त्या दिवसापासून माझे बाण एकमेकांच्या जवळ पडायला लागले, आणि माझ्यात तर काहीच सुधारणा झाली नव्हती.

पाती बदलल्यावर पुन्हा भानगड. 45 ला जमणारा बाण 30 ला फार कडक पडतो, आणि उजव्या हातानं सोडणाऱ्याचा कडक बाण डावीकडं जातो. सगळे बाण पिशवीच्या डाव्या शिवणीत. नवे घ्यायचे पैसे नव्हते, म्हणून पुढची 100 ग्रेन वजनाची टोकं काढून 175 ची लावली. टोक जड केलं की बाण सुटताना जास्त वाकतो, मऊ असल्यासारखा वागतो. पूर्ण नाही, पण वीतभर मध्ये आले. पहिल्यापासून 30 पौंड घेतले असते तर त्याला साजेसे बाण आले असते आणि हा सगळा खटाटोप वाचला असता.

पिशवी मात्र फर्स्ट क्लास, आणि ती खोक्यात आलेली नाही. दोन पोती एकात एक घालून आत इचलकरंजीच्या लूमची चिंधी दाबून भरली. बाण आत जातो, दोन बोटांनी बाहेर येतो. आठ महिने झाले, अजून कुठं पोकळ नाही. मागं चिपाडांचा ढीग असायचा तोवर चुकलेल्या बाणांचीही सोय होती. मार्चपर्यंत सगळी चिपाडं चुलाणात गेली आणि मागं राहिली दगडी भिंत. तिथं एक बाण गेला. दगडावर आपटलेला कार्बनचा बाण वरून धड दिसला तरी तो पुन्हा सोडताना फुटून हातात घुसू शकतो, म्हणून कानाजवळ धरून हळू वाकवायचा आणि ऐकायचं. कास्टिंगला हातोडी मारून आवाज ऐकतो तसंच. बारीक ‘चर्र’ आलं. मोडून टाकला.

धनुष्याबद्दल बोलायचं तर रायझर उत्तम. मूठ गुळगुळीत, पकड बसते, थंडीत हाताला गार लागत नाही. पाती सरळ आहेत, पीळ नाही, दोन्ही जोड्या तपासल्या. सोबतची डॅक्रॉनची दोरी कामचलाऊ. चढवायला स्ट्रिंगर (दोन्ही टोकांना अडकवायची जादा दोरी) मात्र वापराच, पायात अडकवून चढवण्याची मर्दुमकी केली की पातं पिळवटतं. दोरीचा आवाज फार होता, धनगराकडच्या घोंगडीचे लोकरीचे दोन झुपके बांधले, निम्मा झाला. आता पावसात ते भिजून जड होतात, तो भाग वेगळा.

बाण टेकवायचा चिकटवायचा रेस्ट अगदीच टुकार. एप्रिलमध्ये दुपारभर धनुष्य गाडीच्या डिकीत राहिलं, चूक माझीच, पण गोंद वितळून रेस्ट हातात आला. पात्यांनाही असली ऊब बरी नाही. खोक्यात आर्मगार्ड नव्हता. पहिल्या आठवड्यात दोरी कोपराच्या आत बसली, तळहाताएवढं काळंनिळं झालं. ऑफिसात दोघांनी बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना विचारलं. मग चप्पल लाईनला एका कारागिराकडं गेलो. त्यांनी माझा हात उलटसुलट करून बघितला, कागदावर पेन्सिल फिरवली आणि आर्मगार्ड, बोटांचा टॅब आणि रेस्टच्या जागी चिकटवायला चामड्याचा तुकडा, साडेतीनशेत दिलं. “आठ दिवस तेल लावा, चप्पल बसती तसं बसंल.” बसलं. साडेअठरा हजारांच्या खरेदीत मनापासून पाच तारे याच साडेतीनशेला. रेस्ट गेल्यापासून बाण थेट चामड्यावरून सुटतो, त्याला प्लॅस्टिकची पिसं चालत नाहीत, अडखळतात. पक्ष्याची खरी पिसं लावून घेतली.

माझा रतीब आता असा: पावणेसातला गुऱ्हाळावर, म्हैस आत बांधल्याशिवाय पहिला बाण नाही (मामाचा नियम), अठरा पावलांवरून तीस-पस्तीस बाण, साडेआठच्या जनरल शिफ्टला गेटवर. अंग गरम नसताना सोडलेला पहिला बाण कुठं लागला तेवढंच वहीत लिहितो. सरावानं सुधारलेले बाण सगळ्यांचेच बरे असतात. मेव्हण्याच्या शिकारीतलं हे एवढंच मी उचललंय, तिथंही पहिलाच बाण मोजतात. जानेवारीपासूनच्या पहिल्या वीस दिवसांत सहा पहिले बाण पिशवीत होते. जूनअखेरच्या शेवटच्या वीस दिवसांत सतरा.

मधे अंदाजानं अंतर ओळखायचा नाद लागला म्हणून पिशवीवर शेणी टांगून लांब-जवळून मारत होतो. शेणीतून बाण आरपार जातो, मजा येते. मामी बाहेर आली, भोकं बघितली. “शेणी थापायला मी वाकायची आणि तू भोकं पाडायची व्हय रं?” तेव्हापासून पुठ्ठा.

45 पौंडांची पाती विकायची आहेत. निम्म्या किमतीत देतो, जेमतेम दोनशे बाण सुटलेत. मात्र घेणाऱ्यानं आधी गुऱ्हाळावर येऊन लटकत्या काट्यावर वीस किलो ओढून, दहा आकडे मोजून दाखवायचे. आतापर्यंत तिघं आले. चहा पिऊन, काकवी घेऊन गेले.