केळशी ते कर्दे पायी : तीन दिवस, दोन नणंदा-भावजया

मी आणि माझी नणंद, दोघी साठीला टेकलेल्या. डिसेंबरात दापोली तालुक्यातली केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे अशी पायी सहल करून आलो. माणशी साडेसहा हजार, राहणं-जेवण धरून. सामान रिक्षाने पुढच्या मुक्कामी जातं, आपल्या पाठीवर फक्त पाण्याची बाटली. ही सोय चोख.

तक्रार आधी सांगून टाकते. पहिल्याच सकाळी सात वाजता आम्हाला केळशीच्या पुळणीवर उतरवलं. त्या दिवशी दशमी. मुक्कामाच्या घरातल्या आजी आदल्या रात्रीच म्हणाल्या होत्या, "तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते." दहाची पाऊणपट साडेसात! चालायला बरी ती ओली, घट्ट वाळू सगळी पाण्याखाली आणि आम्ही कोरड्या रेतीत पोटऱ्यांचं पीठ करतोय. आयोजकांच्या छापील कागदावर नाश्त्यात काय ते होतं, भरती-ओहोटी नव्हती. नंतर फोन करून सांगितलं, त्यांनी चूक कबूल केली. म्हणून नाव लिहीत नाही.

उटंबरचा चढ मात्र सावकाश नेला. आंजर्ल्यात पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, कड्यावरच्या गणपतीला गेलो. उजव्या सोंडेचा. वरून खाली माडांची आगरं आणि दूर सुवर्णदुर्ग. हर्णैला कनकदुर्गावर उभं राहिलं की तोच किल्ला हाताशी आल्यासारखा वाटतो. आमच्यासोबतच्या गावातल्या मुलाने 1755 ची गोष्ट छान सांगितली : पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून मराठी आरमाराच्या तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला. स्वतःच्याच आरमाराचं कंबरडं मोडलं, असं त्याचं मत. नणंदेला ते पटलं नाही. मुरुडपर्यंत वाद चालला. हर्णैचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव चुकवू नका, चपला जुन्या घाला.

मुरुडात पाय बोलायला लागले तेव्हा त्या मुलाने धोंडो केशव कर्व्यांची आठवण काढली. याच गावातून ते परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून परत पाठवले गेले. आम्ही कुरकुर बंद केली.

जेवण घरगुती, कुळथाचं पिठलं दोनदा आलं, दोन्हीदा संपलं.

पुढच्या वेळी चतुर्थीच्या सुमारास जाणार. चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊला पूर्ण ओहोटी मिळेल. संकष्टीची गर्दी कड्यावर असेल, ती सोसू.