एमआर युरोग्राफी: टेस्ला नंतर, आधी सलाइन

नागपुरात एमआरआय म्हटलं की धंतोली नाहीतर रामदासपेठ. मशीन दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) की तीनचं, हे तिथल्या पाट्यांवर ठळक अक्षरांत असतं. एमआर युरोग्राफी म्हणजे किडन्या, त्यांतून लघवी खाली नेणाऱ्या मूत्रनलिका आणि मूत्राशय यांचा एमआरआय. त्यासाठी दीड टेस्ला पुरतं. पोटात पाणी झालेलं असेल किंवा पेशंट गरोदर असेल तर उलट तेच बरं, कारण तीनवर प्रतिमेत काळे पट्टे जास्त येतात. या तपासणीचा कस लागतो तो तयारीत, आणि कसर राहते तीही तिथेच.

तपासणीचे दोन भाग. पहिल्यात इंजेक्शन नसतं. टी-टू प्रतिमेत, म्हणजे पाणी पांढरं दाखवणाऱ्या एमआरआय प्रतिमेत, साचलेली लघवी आपोआप पांढरी दिसते. किडनी फुगलेली असेल तर हा भाग उत्तम. मूत्रनलिका फुगलेली नसेल तर मात्र ती मिटलेलीच राहते आणि दिसत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीहून मे महिन्यात पहाटे निघालेला, ‘उपाशी या’ म्हणून पाणीही न प्यायलेला पेशंट दुपारी टेबलावर घेतला तर दुसरं काय होणार? चार तास जेवण बंद, हे ठीक. पण आदल्या दिवशी भरपूर पाणी हवं आणि सेंटरवर 250 ते 500 मिली सलाइन शिरेतून. अगदी ऐनवेळी प्यायलेलं पाणी आतड्यात पांढरं चमकतं आणि मूत्रनलिकेवर येतं, म्हणून सलाइन. आतड्याची ही चमक मारायला काही ठिकाणी अननसाचा रस देतात. त्यातलं मँगनीज ते काम करतं. आपल्या संत्र्याच्या रसाकडून ही अपेक्षा ठेवू नये.

दुसऱ्या भागात गॅडोलिनियम, म्हणजे शिरेतून द्यायचं एमआरआयचं कॉन्ट्रास्ट, वजनाच्या किलोमागे 0.1 मिलिमोल, आणि त्याआधी लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध, मोठ्या माणसाला 5 ते 10 मिग्रॅ. लॅसिक्स गाळलं की घोळ होतो: गॅडोलिनियम लघवीत दाट साचतं आणि पांढरं दिसण्याऐवजी काळं दिसतं. मग तो अडथळा वाटतो. प्रतिमा साधारण पाच ते दहा मिनिटांनी, दर खेपेला 15 ते 20 सेकंद श्वास रोखून. लॅसिक्सने मूत्राशय भराभर भरतं, पेशंट चुळबुळ करतो, प्रतिमा हलते. म्हणून आत जाण्याआधी लघवीला जाऊन यावं. मूत्राशयातल्या गाठीसाठी तपासणी असेल तर मात्र ते मध्यम भरलेलं लागतं. हे सांगायला हवं रिसेप्शनने, आणि तेच बहुधा राहून जातं.

क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट न मागता गॅडोलिनियम देणारं सेंटर टाळावं. त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा आकडा) 30 च्या खाली असेल तर कोणतं गॅडोलिनियम देणार, हे रेडिओलॉजिस्टला थेट विचारायचं.

मुतखड्यासाठी ही तपासणी लिहून आली असेल तर पैसे वाचवा. खडा इथे नुसता काळा ठिपका. रक्ताची गुठळी, हवेचा बुडबुडा, छोटी गाठ, सगळे तसेच दिसतात आणि बारीक खडे सुटतात. साधा, बिनकॉन्ट्रास्टचा सीटी काही मिनिटांत उत्तर देतो. एमआर वाजवी ठरते ती लहान मुलांच्या जन्मजात दोषांत, आयोडिन कॉन्ट्रास्टची ॲलर्जी असणाऱ्यांत, आणि सोनोग्राफीने उलगडा न झालेल्या गरोदर बाईत. तिला गॅडोलिनियम नाही, पहिल्या भागावरच भागवायचं. गरोदरपणात उजवी किडनी थोडी फुगणं नेहमीचं असतं. नलिका कमरेच्या हाडाच्या कडेपाशी हळूहळू निमुळती होत असेल तर ते गर्भाशयाच्या दाबाचं, एकदम तुटल्यासारखी थांबली तर खड्याची शंका.

फिल्मवर दोन्ही किडन्यांचं झाडासारखं झकास चित्र देतात. त्यावर भुलू नये. ते अनेक कापांचं (एकेका पातळ थराच्या प्रतिमांचं) एकत्र केलेलं चित्र, त्यात पांढऱ्या लघवीने वेढलेला छोटा दोष बुडून जातो. युरोलॉजिस्टला मूळ काप लागतात, तेव्हा सगळ्या मूळ प्रतिमा असलेली डायकॉम सीडी घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. अपॉइंटमेंटच्या फोनवरच विचारा: सलाइन आणि लॅसिक्स देता का, दोन्ही भाग करता का? ‘डॉक्टर बघतील’ एवढंच उत्तर आलं तर दुसरं सेंटर पाहा, पाटीवर तीन टेस्ला असलं तरी.